अढळ सिंहासन आणि रडण्याची मुभा

वाईट दिवस आले की एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘काळजी करू नका, देव अजून सिंहासनावर आहे.’ युद्ध पेटो, साथ येवो, निवडणुकीचा निकाल मनाविरुद्ध लागो, घरात मृत्यू होवो, वाक्य तेच. त्याच्या पाठोपाठ वादही ठरलेला. एक बाजू म्हणते, ही निव्वळ गुंगी आहे, माणसानं हातपाय हलवू नयेत म्हणून दिलेली. दुसरी म्हणते, ज्याला या वाक्यानं धीर येत नाही त्याचा विश्वासच तकलादू. हा वाद मी इतक्या वेळा ऐकलाय की दोन्हीकडची पुढची वाक्यं मला पाठ आहेत. माझी तक्रार अशी, की भांडणारे दोघंही एकच चूक करतात. ‘देव राज्य करतो’ याचा अर्थ दोघंही ‘जे चाललंय ते देवाच्या मनासारखं चाललंय’ असाच धरतात. एकाला तो गोड लागतो, दुसऱ्याला त्याची किळस येते, इतकाच काय तो फरक.

मला वाटतं, देवाचं राज्य कायमचं आहे या श्रद्धेत दिलासा आहे आणि तो भाबडा नाही. पण ‘सगळं ठीक होईल’ हा तो दिलासा नव्हे. समोर जी सत्ता मांड ठोकून बसली आहे, मग ती माणसाची असो, आजाराची असो की मरणाची, ती कायमची नाही, एवढंच ती श्रद्धा सांगते. ऐकायला हे फार थोडं वाटतं. प्रत्यक्षात त्यातूनच माणसाला रडायची मुभा मिळते आणि राजाच्या डोळ्याला डोळा भिडवायचं बळही.

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका मावशींचा तरणाताठा मुलगा गेला. दफनविधीनंतर घरी माणसं बसली होती. एका गृहस्थांनी मावशींच्या डोक्यावर हात ठेवून हेच वाक्य उच्चारलं. मावशींनी रुमालाचं टोक बोटाला गुंडाळत विचारलं, ‘मग परवा रात्री कुठं होता?’ खोलीत कुणी हललं नाही. ‘असं बोलू नये,’ एवढं म्हणून ते गृहस्थ उठले आणि मावशी गप्प झाल्या. देवाच्या राज्याबद्दल त्या खोलीत सगळ्यात गंभीर काही बोललं असेल तर ते मावशींनीच, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. गृहस्थांचं वाक्य चुकीचं नव्हतं. त्यांनी ते भांड्यावर झाकण ठेवावं तसं ठेवलं, तिथं चुकलं.

विरोधकांचं म्हणणं आधी नीट ऐकू, कारण ते हलकं नाही. धर्म ही जनतेची अफू आहे, हे मार्क्सनं १८४४ साली छापलं. ते एकच वाक्य सगळे उचलतात. त्याच्या आधीचं वाक्य कुणी वाचत नाही. धर्म म्हणजे पिचलेल्या जिवाचा सुस्कारा, निर्दय जगाचं हृदय, असं तो तिथंच म्हणतो. अफू त्या काळी दुखणं शमवायला घरोघरी वापरात होती. म्हणजे मार्क्सची टीका भक्ताच्या टिंगलीतून आलेली नाही. दुखणं खरं आहे, पण औषध दुखण्याच्या मुळाशी जात नाही, उलट मूळ झाकतं, असं त्याचं म्हणणं. माझ्या मते ‘देव सिंहासनावर आहे’ या वाक्याविरुद्धचा हा सगळ्यात दमदार युक्तिवाद आहे, आणि त्याला पुष्टी देणारा इतिहासही भरपूर आहे. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स यानं १६१० साली संसदेपुढं बजावलं होतं, की राजे हे देवाचे प्रतिनिधी तर आहेतच, शिवाय ते देवाच्याच सिंहासनावर बसतात. सिंहासन अढळ, त्यावर मी बसलेलो, म्हणून मी अढळ, असा तो साधा हिशेब. आपल्या भाषेतही ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’ या ओळीचं काय झालं ते पाहा. ज्यांना दुसऱ्यांनी आहे तिथंच राहायला हवं होतं त्यांनी ती तोंडपाठ केली, आणि त्याच तुकोबांनी नाठाळाच्या माथी काठी हाणायची भाषा केली होती, हे सोयीस्करपणे विसरले.

तेव्हा या श्रद्धेचा अफूसारखा वापर झाला, यात वाद नाही. पण प्रश्न असा, की मूळ माल अफूच होता का? याचं उत्तर शोधायला अफू विकणाऱ्यांनीच काय केलं ते बघावं. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी एक खास बायबल छापलं गेलं. प्रॉटेस्टंट बायबलात ११८९ अध्याय असतात. या प्रतीत उरले २३२. ‘दासांनो, धन्याच्या आज्ञेत राहा’ हे अर्थातच ठेवलं. इस्राएल लोक मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, गुलामीतून सुटले ती हकीकत गाळली. आणि संपूर्ण स्तोत्रसंहिता, म्हणजे बायबलातला प्रार्थनागीतांचा संग्रह, गाळली. शेवटचं प्रकटीकरणाचं पुस्तकही गाळलं. आता बघा, ‘परमेश्वर राज्य करतो’ हे वाक्य सगळ्यात जास्त घुमतं ते स्तोत्रांत. आणि जगाचं राज्य आता प्रभूचं झालं, तो युगानुयुग राज्य करील, अशी घोषणा आहे ती प्रकटीकरणात. हे वाक्य गुंगीचं असतं तर मळेवाल्यांच्या सोयीचं बायबल छापणाऱ्यांनी ते पानोपानी ठळक छापलं असतं. ते त्यांनी कापून टाकलं. ज्याच्या हातात चाबूक होता त्याला या वाक्याचा अर्थ आजच्या टीकाकारांपेक्षा आणि आजच्या पुष्कळ भाविकांपेक्षाही बरोबर कळला होता. धन्याच्या वर कुणी धनी आहे आणि त्याचं राज्य या मळ्यापेक्षा जास्त टिकणार आहे, हे गुलामाला कळणं धोक्याचं होतं.

स्तोत्रसंहितेतच हे वाक्य कुठं बसवलंय तेही पाहण्यासारखं आहे. पुष्कळ जण त्र्याण्णवावं स्तोत्र सुटं उचलतात : परमेश्वर राज्य करतो, त्याचं सिंहासन अनादि काळापासून स्थिर आहे, नद्या गर्जना करोत, तो त्यांच्याहून प्रबळ. अवघ्या पाच ओव्या. भिंतीवर टांगायला छान. पण स्तोत्रसंहितेचे पाच भाग आहेत, आणि तिसऱ्या भागाच्या अगदी शेवटी एकोणनव्वदावं स्तोत्र येतं. ते सुरू होतं इस्राएलचा राजा दाविद याच्या घराण्याला दिलेल्या वचनानं, की तुझं सिंहासन पिढ्यानपिढ्या टिकेल. अर्ध्याच्या पुढं गेलं की सूर पालटतो. मुकुट धुळीत पडलाय, तट कोसळलेत, सिंहासन जमिनीवर आपटलंय. आणि कवी थेट देवालाच जाब विचारतो, किती काळ? इथं तिसरा भाग संपतो. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकाच्या सुरुवातीला बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर यानं यरुशलेम जाळलं, मंदिर पाडलं, तिथल्या राजाचे डोळे काढून त्याला बाबेलला नेलं, त्या राखेचा वास या ओळींना आहे. चौथा भाग सुरू होतो आणि लवकरच घोष ऐकू येऊ लागतो : परमेश्वर राज्य करतो, परमेश्वर राज्य करतो. त्र्याण्णव, शहाण्णव, सत्त्याण्णव, नव्व्याण्णव. स्तोत्रांचा हा क्रम लावणाऱ्यांनी दाविदाचं सिंहासन पडल्याला दिलेलं हे उत्तर आहे, असं पुष्कळ अभ्यासक मानतात, आणि मला ते पटतं. म्हणजे संग्रहात या वाक्याला जी जागा मिळाली ती दरबारातली नाही, पडलेल्या सिंहासनाच्या ढिगाऱ्यातली आहे.

गंमत पुढं आहे. त्र्याण्णवाच्या पाठोपाठ चौऱ्याण्णव येतं, आणि ते काय म्हणतं? दुष्ट लोक किती काळ माजणार? ते विधवेला मारतात, परक्याला मारतात, अनाथांचा जीव घेतात. आणि शेवटाकडे एक विलक्षण प्रश्न : कायद्याच्या आडून अन्याय रचणाऱ्या सिंहासनाशी तुझी कधी हातमिळवणी होईल का? अढळ सिंहासनाचं स्तोत्र आणि दुष्ट सिंहासनाविरुद्धची फिर्याद, दोन्ही शेजारी शेजारी. एक गाणारा आणि एक फिर्याद करणारा, अशी दोन वेगळी माणसं मला इथं दिसत नाहीत. सिंहासन अढळ आहे म्हणूनच फिर्याद आहे. जिथं कोर्टच नाही तिथं अर्ज कुणी लिहितो का?

शेहेचाळिसाव्या स्तोत्रातल्या ‘शांत राहा, मीच देव आहे हे जाणून घ्या’ या ओळीचीही अशीच वाट लागली आहे. शुभेच्छापत्रांवर ती सूर्यास्ताच्या चित्राखाली असते. तिच्या आधीची ओळ वाचली तर तिथं धनुष्य मोडलं जातंय, भाला तोडला जातोय, रथ जाळले जातायत. मूळ हिब्रू शब्दात हात सैल सोडण्याचा, हातातलं खाली टाकण्याचा अर्थ आहे. हा आदेश रडणाऱ्याला नसून लढाई माजवणाऱ्याला आहे. आणि आपण तो नेमका शोक करणाऱ्याच्या तोंडावर फेकतो.

आता खरा अवघड आक्षेप. मार्क्सच्या आक्षेपाला इतिहास उत्तर देतो, याला देत नाही. देव राज्य करतो तर हे सगळं का? १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी पोर्तुगालची राजधानी लिस्बन हादरली तेव्हा चर्च माणसांनी भरलेली होती. आधी भूकंप, मग समुद्र, मग आग. जे आहे ते सगळं योग्यच आहे, असं सुखात बसून लिहिणाऱ्यांवर त्यानंतर फ्रेंच लेखक व्हॉल्टेअर तुटून पडला, आणि माझ्या मते त्यानं धर्माचं भलंच केलं. कारण ‘जे आहे ते योग्यच’ हे बायबल म्हणतच नाही. येशूनं शिकवलेली प्रार्थना रोज म्हणणारे आपण तिच्याकडे कधी लक्ष देतो का? तुझं राज्य येवो, तुझी इच्छा जशी स्वर्गात तशी पृथ्वीवरही होवो. पृथ्वीवर आधीच सगळं त्याच्या इच्छेनं चाललं असतं तर हे मागायचं कशाला? ही प्रार्थना म्हणणारा रोज कबूल करतो, की राज्य त्याचं आहे आणि तरीही त्याची इच्छा इथं होत नाहीये.

हक्क एकाचा आणि रस्त्यावर अंमल दुसऱ्याचा, ही स्थिती माणसांनाही ठाऊक आहे. १९४० मध्ये जर्मन फौजा नॉर्वेत घुसल्या. नाझीधार्जिण्या क्विस्लिंगला पंतप्रधान नेमा, ही त्यांची मागणी राजा सातव्या हाकोननं धुडकावली, आणि ७ जूनला तो देश सोडून इंग्लंडला गेला. पुढची पाच वर्षं नॉर्वेत हुकूम चालला तो जर्मनांचा. पण लोक भिंतींवर, बर्फात, जिथं जमेल तिथं एक खूण काढत : एच हे अक्षर आणि त्यात सातचा आकडा. तीच त्यांच्या राजाची मुद्रा. ती काढणाऱ्याला पकडलं जाण्याची भीती होती, तरी काढत. सगळं राजाच्या मनासारखं चाललंय, असं त्या खुणेतून कुणाला सुचवायचं होतं का? उलट, इथं जो बसलाय तो खरा राजा नाही, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. आणि ती खूण काढणारे हातावर हात धरून बसले नव्हते. १९४२ मध्ये तिथल्या सगळ्या बिशपांनी सरकारी पदं सोडली. ७ जून १९४५ ला हाकोन परतला.

उपमा इथं लंगडते, हे मीच सांगतो. हाकोनला जर्मनांना हाकलता येत नव्हतं. देवाला येतं, असं आपण मानतो. मग तो का थांबतो? याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ज्यांच्याकडे ते तयार असतं त्यांच्यापासून मी जरा लांब बसतो. पण मला एक दिसतं. सिंहासन रिकामं आहे असं मानलं तर ‘का’ हा प्रश्न सुटत नाही, विझतो. मग लिस्बन म्हणजे फक्त खडकांची हालचाल, आणि मावशींचा मुलगा म्हणजे पेशींचा बिघाड. यावर माणूस हळहळेल, पण जाब कुणाला विचारेल? ‘परवा रात्री कुठं होता?’ हा प्रश्न विचारायला कुणीतरी असावं लागतं. मावशींची श्रद्धा त्या प्रश्नात उभी होती.

कायमपणाचा मुद्दा वेगळा काढून पाहायला हवा, कारण दिलासा सामर्थ्यापेक्षा त्यातच जास्त आहे. माणूस टिकाऊ गोष्टीला टेकू पाहतो, आणि नेहमी चुकीच्या भिंतीला टेकतो. ३३६ साली कैसरियाच्या युसेबियस या बिशपनं रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या राज्याच्या तिसाव्या वर्षाचं गौरवभाषण केलं. वर एक राजा, तसा खाली एक सम्राट, असा त्याचा सूर. त्याला दोष देताना हात आखडतो. ख्रिस्ती लोकांचा छळ त्यानं डोळ्यांनी पाहिला होता आणि आता त्यांचा कैवारी गादीवर होता. पण भिंत चुकलीच. ऑगस्ट ४१० मध्ये अलारिकच्या गॉथ फौजांनी तीन दिवस रोम लुटलं, आणि बेथलेहेमात बसलेल्या जेरोम या ख्रिस्ती विद्वानाला वाटलं की एका शहराबरोबर सारं जगच गेलं. जुन्या दैवतांना सोडलं म्हणून हे झालं, असं बाकीचे म्हणू लागले. निर्वासित समुद्र ओलांडून आफ्रिकेत आले. तिथं हिप्पो शहराचा बिशप ऑगस्टिन यानं उत्तर लिहायला घेतलं. ते बावीस भागांचं झालं आणि त्यात बाराहून अधिक वर्षं गेली. त्याचं म्हणणं साधारण असं : रोमला तुम्ही देवाचं शहर समजलात, ते कधीच तसं नव्हतं. न्याय काढून घेतला तर राज्य आणि दरोडेखोरांची मोठी टोळी यांत फरक काय उरतो? तुमचं रडणं खरं आहे, पण जे पडलं ते अढळ म्हणून कुणी तुम्हाला दिलंच नव्हतं.

हे लिहिणारा माणूस स्वतः गेला तो ४३० मध्ये, वँडल फौजांचा हिप्पोला वेढा पडलेला असताना. त्याच्या चरित्रकारानं नोंदलंय, की शेवटच्या आजारपणात त्यानं पश्चात्तापाची स्तोत्रं उतरवून अंथरुणासमोरच्या भिंतीवर लावून घेतली होती. पडल्या पडल्या वाचायचा आणि रडायचा. देवाच्या न ढळणाऱ्या नगरीबद्दल त्याच्याइतकं कुणी लिहिलं नसेल. तो डोळे पुसत गेला, वेढ्यात. ज्यांना दिलासा म्हणजे कोरडे डोळे असं वाटतं त्यांनी त्या भिंतीकडे एकदा पाहावं.

सत्तेपुढं हे वाक्य कसं वापरावं याचा एक नमुना १९३४ चा आहे, आणि तो अर्धवटच आहे. मे महिन्याच्या अखेरीस जर्मनीतल्या बार्मेन इथं प्रॉटेस्टंट मंडळ्यांचे १३९ प्रतिनिधी जमले, आणि मुख्यतः धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थनं लिहिलेला सहा कलमांचा जाहीरनामा त्यांनी मान्य केला. हिटलर सत्तेवर येऊन दीड वर्षही झालं नव्हतं. पाचवं कलम म्हणतं, न्याय आणि शांतता राखणं हे राज्यसंस्थेचं काम. माणसाच्या आयुष्याचा सगळा व्यवहार आपल्या मुठीत घेणं हे तिचं काम नव्हे. मंडळी सगळ्यांना देवाच्या राज्याची आठवण देते. हिटलरच्या बिनशर्त शपथेला नकार दिला म्हणून बार्थची प्राध्यापकी गेली. पण त्या सहा कलमांत ज्यूंबद्दल एक शब्द नाही, आणि बार्थनं पुढं ही आपली चूक असल्याचं कबूल केलं. देव राजा आहे असं धैर्यानं म्हणणारी माणसंही शेजाऱ्याला विसरू शकतात. वाक्य खरं असून पुरेसं नसतं. इंग्लंडात १६६१ मध्ये काही उतावळ्यांनी ख्रिस्ताचं राज्य आणायला लंडनच्या रस्त्यांत तलवारी उपसल्या. तिथं वाक्याला घाई झाली होती. आपल्या पक्षाची सत्ता आली की ‘देव सिंहासनावर आहे’ म्हणणारे आणि गेली की ते विसरणारे तर आजही पैशाला पासरी आहेत.

बार्थ ब्याऐंशी वर्षांचा होऊन गेला, डिसेंबर १९६८ मध्ये. त्या उन्हाळ्यात प्रागमध्ये रणगाडे शिरले होते, व्हिएतनाम जळत होतं. मरणाच्या आदल्या संध्याकाळी जुना मित्र थुर्नायझन याचा फोन आला. जगाचं काही खरं नाही, असं दोघंही बोलत होते. बार्थ म्हणाला, कान पाडून बसायचं नाही, कधीच नाही. कारण राज्य चालवलं जातंय, मॉस्को, वॉशिंग्टन किंवा पेकिंगमध्येच नाही, वरून. आधी जग वाईट आहे हे दोघांनी एकमेकांना सांगून घेतलं, आणि त्यानंतर हे. आमच्या त्या गृहस्थांनी क्रम उलटा केला होता.

त्या दफनविधीनंतर पाच-सहा आठवड्यांनी मी मावशींकडे गेलो होतो. बायबल टेबलावर होतं, चष्मा सापडत नव्हता. ‘तूच वाच काहीतरी,’ म्हणाल्या. मी विलापगीताचा पाचवा अध्याय काढला आणि एकोणिसावी ओवी वाचली : हे परमेश्वरा, तू सदासर्वकाळ राहतोस, तुझं सिंहासन पिढ्यानपिढ्या टिकतं. तिथं थांबलो. पुढची वाचू की नको, असं झालं.

‘पुढं वाच की,’ मावशी म्हणाल्या.

मी विसावी वाचली : मग तू आम्हाला कायमचं का विसरतोस? इतके दिवस का टाकतोस?

मावशी बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘आता दोन्ही पुन्हा वाच. मध्ये थांबू नकोस.’